निघण्याआधी परतलेली बोट

हानुस पावती माझ्या टेबलावर ठेवतो.
बोलत काही नाही. खिशातून स्वतःचा चष्मा काढून
मलाच देतो.

कॉड, सव्वीस किलो. वजन बरोबर, सही माझी.
वेळ: पाच वीस.
आणि धक्क्याच्या वहीत, मालानच्या तिरक्या अक्षरात,
बोट सुटली पाच चाळीसला.
"जाळं खाडीच्या तोंडाशीच होतं, कबूल," तो म्हणतो,
"पण निघायच्या वीस मिनिटं आधी परत येण्याइतकं
जवळ नव्हतं."

एकोणीस वर्षं मी सांदूरच्या काट्यावर बसते.
माशाचं वजन कुणी ढापलं तर वासावरून ओळखीन.
तास ढापणारा मात्र
पहिल्यांदाच आलाय.

आधी संशय सेलवर घेतला.
एका क्रोनच्या नाण्याएवढा तो सेल, फक्त मधलं भोक नाही.
मागच्या आठवड्यात बदलला. नवा घातला, खटका बसला,
दुसऱ्या सकाळी पुन्हा तास गायब.
जुना सेल स्वयंपाकघरातल्या काट्यात टाकला;
तो बिचारा तिथे अजून ठणठणीत चालतोय.

मग आठवलं, यंत्र एकच आहे, पण बिऱ्हाडं दोन.
दिवसा माझं विंडोज: काटा, पावत्या, प्रिंटरची कुरकुर.
रात्री माझ्या भाच्याचं, बार्तालचं लिनक्स:
दोन बेटांमधल्या प्रवाहाची त्याची गणितं,
आणि सकाळी कीबोर्डमध्ये बिस्किटाचा चुरा.

खाली बोर्डावरच्या घड्याळात नुसता आकडा असतो.
तो कुठल्या गावचा, हे त्यावर लिहिलेलं नसतं.
विंडोज म्हणतं, सांदूरचा.
लिनक्स म्हणतं, ग्रिनिचचा.
रात्री लिनक्स नेटवरून खरी वेळ मागवतं,
इमानदारीत एक तास वजा करतं, खाली ठेवून देतं.
सकाळी विंडोज तीच उचलतं, जशीच्या तशी,
तितक्याच इमानदारीत.
नेटला विचारायचं ते आठवड्यातून एकदा,
एरवी हातातल्या आकड्यावर त्याचा विश्वास.
दोन घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात ना,
तसं ते घड्याळ.
खोटं कुणीच बोललं नव्हतं.

आणि हिवाळाभर आम्हाला पत्ताच नाही!
हिवाळ्यात इथली वेळ आणि ग्रिनिचची वेळ एकच.
शून्य वजा केलं काय, न केलं काय.
मार्चमध्ये त्याल्दुर पक्षी परतले, किनाऱ्यावर ओरडू लागले,
महिन्याच्या शेवटच्या रविवारी साऱ्या बेटाने
काटे तासभर पुढे सारले,
आणि सोमवारपासून माझ्या पावत्या
मागे राहू लागल्या.

"माझ्याकडचं बदल," बार्ताल म्हणाला, "एका ओळीचं काम."
मी नको म्हटलं.
दोघं सांदूरचीच वेळ धरून बसले
तर ऑक्टोबरात दोघंही तेच घड्याळ मागे ढकलणार,
एकाने केलंय हे दुसऱ्याला ठाऊक नसताना.
म्हणून विंडोजच्या रजिस्ट्रीत उतरले,
फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर,
मालानच्या तळघरात उतरावं तशी, भिंत धरून.
एक नवी नोंद केली: खालचा आकडा ग्रिनिचचा समज.
किंमत, एक.
बंद केलं. चालू केलं. लिनक्स: नऊ सात.
बंद, चालू. विंडोज: नऊ दहा.
भिंतीवरचं घड्याळ: नऊ दहा.
तरी तिसऱ्यांदा करून पाहिलंच.

मग बारा दिवसांच्या पावत्या काढल्या, एक्केचाळीस.
ज्यांची वेळ चुकली होती त्यांच्या कडेला
पेनने लिहित गेले: अधिक एक तास, अधिक एक तास.
हानुस समोर बसून होता, गार कॉफीत साखर ढवळत.

त्याच्या पावतीशी पोचले तेव्हा
त्याने तिच्यावर तळहात ठेवला.
"हिला हात लावू नकोस.
बायको चाळीस वर्षं म्हणतेय,
तुम्ही कधी वेळेवर घरी आलात ते दाखवा."